पडलेलं लाइट मीटर: आधी तपासा, मग उघडा, मग पुन्हा तपासा

लाइट मीटर, म्हणजे उजेड मोजून फोटोचं एक्स्पोजर सांगणारं यंत्र, हातातून निसटून फरशीवर आपटलं की बहुतेक जण दोनपैकी एक चूक करतात. काही जण त्याच संध्याकाळी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसतात आणि जे शाबूत होतं त्याचीही वाट लावतात. बाकीचे 'काटा हलतोय ना' एवढंच बघून मीटर परत खिशात टाकतात आणि पुढचे दोन रोल वाया घालवतात. दुसरी चूक जास्त महागात पडते. बंद पडलेलं मीटर निदान खोटं बोलत नाही. पाऊण स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) चुकणारं मीटर मात्र निगेटिव्ह धुऊन हातात येईपर्यंत पत्ता लागू देत नाही.

खालचा क्रम मुख्यतः काट्याच्या मीटरांसाठी आहे: सेकोनिक एल-३९८, जुनी वेस्टन मास्टर, लेनिनग्राड ४ यांसारखी बॅटरीशिवाय चालणारी, आणि गॉसेन ल्युनासिक्स ३ सारखी बॅटरीवाली. डिजिटल मीटरचं दुखणं वेगळं असतं, त्याचा टप्पा शेवटाकडे आहे. क्रम मोडू नका. टप्पा २ मध्येच बरीच मीटरं 'बरी' होतात, ती उघडायची गरजच पडत नाही.

१. पडल्यानंतर लगेच

बॅटरी असेल तर आधी काढा. आजूबाजूची जमीन नीट बघा: डोमचा (उजेड घेणाऱ्या पांढऱ्या घुमटाचा) तुकडा, उजेड कमी करणारी पट्टी, एखादा स्क्रू, जे मिळेल ते डबीत टाका. कानाशी धरून मीटर हळूच एका बाजूला कलंडवा. आत काही खुळखुळलं तर ते लक्षात ठेवा, पण पुन्हा पुन्हा हलवून ऐकत बसू नका. आत सुटा झालेला स्क्रू प्रत्येक हेलकाव्याला केसाएवढ्या बारीक स्प्रिंगवर आपटत असतो.

मीटर ओल्या प्लॅटफॉर्मवर किंवा पावसाच्या पाण्यात पडलं असेल तर बाहेरून पुसून, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात दोन-तीन दिवस ठेवा. तांदळात पुरू नका, त्याची भुकटी फटींतून आत जाते. हेअर ड्रायर किंवा गच्चीवरचं ऊन तर नकोच. सेलेनियमच्या सेलला (उजेडापासून वीज करणाऱ्या भागाला) उष्णता सोसत नाही.

२. न उघडता निदान

हा टप्पा घाईत उरकू नका. खालच्या तपासण्या याच क्रमाने करा आणि प्रत्येकीचा निकाल कागदावर लिहा.

काटा अडकलाय की अडवलाय? एल-३९८ मध्ये मधलं बटण दाबल्यावर काटा मोकळा होतो आणि सोडल्यावर जागच्या जागी धरला जातो. उसनं मीटर घेतलेले विद्यार्थी हे विसरतात आणि 'काटा जाम झाला' म्हणून थेट दुरुस्तीला निघतात. बटण दाबून धरा, मग बघा. दाबल्यावरही बटण आत जात नसेल किंवा बाहेर येत नसेल, तर बिघाड त्या यंत्रणेत आहे, काट्यात नाही.

स्थिर वीज. पडल्यावर माणूस पहिलं काय करतो? मीटर शर्टाला खसाखसा पुसतो. त्याने काट्यावरच्या प्लॅस्टिकच्या खिडकीवर स्थिर वीज साठते आणि हलका काटा तिच्याकडे ओढला जाऊन मध्येच तरंगत राहतो. मुंबईच्या पावसाळी हवेत हे कमी होतं, एसी लावलेल्या स्टुडिओत हमखास होतं. खिडकीवर तोंडाची वाफ सोडा, किंवा किंचित ओलसर कपडा नुसता टेकवा. काटा सुटला तर दुरुस्ती संपली, थेट टप्पा ९ वर जा.

शून्य. सेल काळ्या कापडाने पूर्ण झाका. नुसता तळहात पुरत नाही, बोटांच्या फटींतून उजेड शिरतो. काटा मोकळा करा. तो शून्याच्या रेघेवर बसायला हवा.

कलंडणं. सेल झाकलेलाच ठेवून मीटर आडवं, उभं, डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर असं धरा. काटा स्वतःच्या जाडीपेक्षा जास्त सरकत असेल तर त्याचा तोल गेला आहे. बहुधा काटा वाकलाय.

टिचकी. एका स्थिर उजेडात रीडिंग घ्या आणि नखाने मीटरला हलकी टिचकी मारा. काटा उडी मारून दुसरीकडे जाऊन थांबला तर काटा ज्यावर फिरतो त्या टेकूपाशी घर्षण आहे. टिचकी मारून मीटर 'चालू करणारे' लोक मी बरेच पाहिलेत. ती सवय म्हणजे बिघाड पुढे ढकलणं.

सरकता उजेड. खोलीच्या अंधाऱ्या कोपऱ्यातून खिडकीकडे सावकाश चालत या. काटा एकसारखा चढला पाहिजे. दरवेळी एकाच जागी अडत असेल तर तिथे काटा तबकडीला किंवा काचेला घासतोय. वेगवेगळ्या जागी अडत असेल तर टेकूपाशी घर्षण किंवा चुंबकाच्या फटीत सुटा कचरा असू शकतो. मीटरचं डोकं फिरवल्यावर काटा थरथरत असेल तर डोक्यातला संपर्क सैल झाला आहे. आणि काटा अजिबातच हलत नसेल तर सेल, तार, कॉइल (काटा फिरवणारं तारेचं वेटोळं) या तिघांपैकी कोण, ते टप्पा ६ मध्ये कळेल.

सावध: शून्य जुळवण्याचा बारीक स्क्रू मीटरच्या मागे दिसतो म्हणून या टप्प्यावर त्याला हात लावू नका. वाकलेल्या काट्याचं शून्य जुळवलं तर दुखणं झाकलं जातं, आणि पुढे काटा सरळ केल्यावर सगळंच सरकतं.

३. तयारी

मीटरमध्ये कायमचं चुंबक असतं आणि त्याच्या फटीत कॉइल फिरते. ही फट इतकी अरुंद असते की लोखंडाचा एक कण काटा अडवायला पुरतो. म्हणून जागा निवडताना धुळीपेक्षा लोखंडाचा विचार आधी करा. जिथे ड्रिल चाललंय, चाव्या घासल्या जातात किंवा भांडी घासायची लोखंडी घासणी पडली आहे, तिथे मीटर उघडू नका. टेबल ओल्या फडक्याने पुसा आणि वाळू द्या. वर पांढरा कागद चिकटवा.

पंखा बंद. मुंबईत हे सांगणं सोपं, पाळणं कठीण, म्हणून काम सकाळी लवकर करा. घामेजलेल्या बोटांचा ठसा स्प्रिंगवर पडला तर पुढे तिथेच गंजतं. जुलैत, बाहेर पाऊस कोसळत असताना मीटर उघडून रात्रभर तसंच ठेवण्यापेक्षा काम चार दिवस लांबवलेलं बरं.

हाताशी हे हवं:

बारीक सपाट आणि फुली स्क्रूड्रायव्हर. जपानी मीटरांचे फुली स्क्रू जपानी मापाचे असतात. नेहमीचा फिलिप्स त्यात पूर्ण बसत नाही आणि खाच खाऊन टाकतो. पडलेल्या मीटरचे स्क्रू आधीच ताणलेले असतात, त्यामुळे इथे तडजोड करू नका.

पितळी किंवा प्लॅस्टिकचा चिमटा. स्टीलचा चिमटा चुंबकाकडे झपकन ओढला जातो आणि वाटेत काटा किंवा स्प्रिंग असेल तर ती गेलीच.

घड्याळजी डोळ्याला लावतात तसं भिंग, मल्टिमीटर, १ मेगाओहम आणि १०० किलोओहमचे रेझिस्टर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाच्या काड्या, हवा मारायचा रबरी फुगा, मास्किंग टेप.

मल्टिमीटर आणि रेझिस्टर ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतात. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. सुट्या भागांसाठी त्याच मॉडेलचं मेलेलं मीटर मिळालं तर सोन्याहून पिवळं. फोर्टातल्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांच्या दुकानांत आणि चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर विचारा. पण विकत घेताना वरची टप्पा २ ची चाचणी तिथेच उभ्या उभ्या करा. कोणता भाग जिवंत आहे हे कळल्याशिवाय पैसे मोजू नका.

४. उघडणं

मास्किंग टेपची लांब पट्टी चिकट बाजू वर करून टेबलावर अंथरा. निघालेला प्रत्येक स्क्रू निघाल्या क्रमाने डावीकडून उजवीकडे तिच्यावर ठेवा आणि बाजूला पेनाने कुठला ते लिहा. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा: एक सरळ वरून, एक तिरका. तारेचा रंग सरळ फोटोत दिसतो, ती कशाच्या खालून जाते ते तिरक्यात.

स्क्रू दिसत नसतील तर मागच्या लेबलवर किंवा चामड्यासारख्या आवरणावर नखाने हळू दाबून बघा, खाली खड्डा लागेल. स्क्रू घट्ट असेल तर खाचेत अल्कोहोलचा एक थेंब सोडून पाच मिनिटं थांबा. कवचाचे दोन्ही अर्धे भाग वेगळे होताना आधी केसभर फट करा आणि आत डोकवा. त्यांना जोडणारी तार बहुतेक वेळा आखूड असते आणि याच क्षणी तुटते.

आयएसओची (फिल्मची संवेदनशीलता लावायची) चकती काढायची वेळ आली तर त्याआधी तिच्या सध्याच्या जागेवर, चकती आणि कवच दोन्हींवर जाणारी पेन्सिलची रेघ मारा. चकती एक दातभर सरकून बसली की मीटर आयुष्यभर चुकत राहतं आणि दोष सेलला जातो.

तपासणी: सगळं उघडल्यावर लगेच काही करू नका. टेबललॅम्पच्या तिरक्या उजेडात नुसतं बघा. तुटलेली तार, सटकलेला सेल, प्लॅस्टिकचा सुटा तुकडा, तबकडीचा निघालेला स्क्रू. साध्या डोळ्यांना दिसणारं कारण सापडलं तर तेवढंच दुरुस्त करा आणि थेट टप्पा ८ वर जा.

५. काटा आणि कॉइल

सगळ्यात नाजूक जागा हीच. कॉइलच्या वर आणि खाली सुईच्या टोकासारखे दोन टेकू असतात, ते ज्वेलच्या (कठीण खड्याच्या) खळग्यात टेकतात. वर एक आणि खाली एक अशा दोन हेअरस्प्रिंग असतात. त्या काट्याला शून्यावर परत आणतात आणि कॉइलपर्यंत विजेचा प्रवाहही त्यांच्यातूनच जातो. त्यामुळे स्प्रिंग तुटली म्हणजे काटा सैल पडतो आणि मीटर मरतं, दोन्ही एकदम.

भिंग लावून बाजूने बघा. पडलेल्या मीटरमध्ये खालच्या चारपैकी एखादी गोष्ट आढळते.

काटा वाकलाय. वरून सरळ दिसतो, बाजूने बघितल्यावर टोक खाली किंवा वर गेलेलं दिसतं. काट्याखाली पोस्टकार्डाच्या जाडीची कागदाची पट्टी सरकवा. वाकलेल्या जागेच्या आत, म्हणजे मुळाकडच्या बाजूला, चिमट्याने काटा धरून ठेवा आणि टोकाकडचा भाग टूथपिकने उचला. मुळाला आधार न देता टोक उचललं तर तो सगळा जोर टेकूवर जातो. एका झटक्यात सरळ करायचा प्रयत्न नको. थोडं वाकवा, बघा, पुन्हा थोडं.

फटीत कण आहे. सेलोटेपची अगदी अरुंद पट्टी कापून चिकट बाजू बाहेर राहील अशी पातळ कागदावर दुमडा, फटीत सरकवा आणि ओढून काढा. फुग्याने हवा मारू नका, कॅनमधली हवा तर मुळीच नको. कण बाहेर येत नाही, चुंबकाच्या आणखी आत जातो आणि झोताने काटा फडफडतो तो वेगळाच.

टेकू ज्वेलमधून निसटलाय. कॉइल एका बाजूला कललेली दिसते. वरच्या पुलावर मधोमध एक स्क्रू असतो आणि त्याला अडवणारी नट. ज्वेल त्या स्क्रूच्या पोटात असतं. नट सैल करा, स्क्रू पाव फेरा मागे घ्या, कॉइल टूथपिकने सरळ करून टेकू खळग्यात येऊ द्या आणि स्क्रू परत पुढे आणा. किती पुढे? काटा चिमट्याने वर-खाली हलवला तर जेमतेम जाणवेल एवढी मोकळीक उरली पाहिजे. मोकळीक शून्य केली तर टेकूचं टोक ज्वेलवर दाबलं जाऊन चपटं होतं, आणि ते पुन्हा टोकदार होत नाही. नट घट्ट करताना स्क्रूही थोडा फिरतो, म्हणून नट आवळल्यावर मोकळीक परत तपासा.

स्प्रिंगची वेटोळी एकमेकांत अडकली आहेत. सगळी वेटोळी सारख्या अंतरावर आणि एकाच पातळीत असायला हवीत. एखादं वेटोळं शेजाऱ्यावर चढलं असेल तर सुईच्या टोकाने बाहेरून आत अशा दिशेने हळूच सोडवा. पण स्प्रिंगला घडी पडली असेल तर हात आवरा आणि घड्याळजी गाठा. दादर, गिरगाव, लालबाग, कुठल्याही जुन्या वस्तीत मनगटी घड्याळाचा बॅलन्स खोलणारा एखादा म्हातारा कारागीर अजून सापडतो, आणि हे काम त्याच्या हातचं आहे.

सावध: घड्याळजीला मीटर देताना पहिलं वाक्य हेच बोला: 'तेल लावू नका.' घड्याळाच्या ज्वेलला तेल लागतं, मीटरच्या ज्वेलला नाही. इथले टेकू कोरडेच फिरतात. तेल लावल्यावर काटा दोन दिवस छान चालतो, मग तेलावर धूळ बसते आणि तो चिकटायला लागतो. कारागिराचा हात सवयीने तेलाकडे जातो, म्हणून शक्य असेल तर समोर बसूनच काम करून घ्या.

कॉइलची यंत्रणा सुटी करून न्यायची असेल तर तिच्या दोन टोकांना एक उघडी तार गुंडाळून ती जोडून टाका. टोकं जोडलेली असली की काटा जड होतो, ट्रेनच्या हिसक्यांत फडफडत नाही. घरी परत आल्यावर ही तार काढायला विसरू नका.

६. सेल, तार, कॉइल: गुन्हेगार कोण?

काटा मोकळा आहे पण उजेडाला दादच देत नाही, तेव्हा हा टप्पा. सगळ्यात जास्त नुकसान एका सवयीमुळे होतं: मल्टिमीटर ओहमवर ठेवून कॉइलला लावणं. ओहम मोजताना मल्टिमीटर स्वतः प्रवाह सोडतो. ही कॉइल काही मायक्रोअँपिअरवर चालणारी असते, तिच्यातून तो गेला की काटा टोकाला आपटतो आणि वाकतो.

कॉइल अशी तपासा. सेलची एक तार सोडवा. सेल नुसत्या पत्रीच्या दाबाने जोडलेला असेल तर मध्ये कागदाचा तुकडा सरकवा. १.५ व्होल्टची पेन्सिल बॅटरी आणि १ मेगाओहमचा रेझिस्टर मालिकेत जोडून कॉइलच्या टोकांना क्षणभर टेकवा. त्यातून फक्त १.५ मायक्रोअँपिअर जातो. काटा जेमतेम हलेल किंवा हलणारही नाही. मग १०० किलोओहम लावा, प्रवाह १५ मायक्रोअँपिअर होतो. आता काटा स्पष्ट सरकला पाहिजे. उलट्या दिशेला सरकला तर टोकं अदलाबदल करा. १०० किलोओहमवरही काहीच हालचाल नसेल तर स्प्रिंग किंवा कॉइलची तार तुटली आहे.

सेल असा तपासा. मल्टिमीटर डीसी मायक्रोअँपिअरवर, सगळ्यात मोठ्या रेंजपासून सुरुवात. टोकं सेलच्या दोन पत्र्यांना लावा, सेल खिडकीकडे धरा, हाताने झाका, उघडा. आकडा सावकाश खाली-वर झाला पाहिजे. एकसारख्या उजेडात तो उड्या मारत असेल तर संपर्क खराब आहे, सेल नव्हे. पत्री अल्कोहोलच्या काडीने पुसा, हिरवट-पांढरा थर निघेपर्यंत. पत्रीचा बाक पडताना सपाट झाला असेल तर चिमट्याने किंचित वर उचला.

सेलचा उजेड घेणारा पृष्ठभाग पुसू नका, घासू तर नकाच. त्यावरचा पारदर्शक थर हाच एक विद्युतवाहक आहे. सेलवर थेट सोल्डरिंगही नको, उष्णतेने तो तिथेच मरतो. सेलेनियम विषारी आहे. सेल फुटला असेल तर तुकडे हातमोजे घालून पिशवीत बांधा आणि टेबल ओल्या कागदाने पुसून घ्या. तडा गेलेल्या सेलवर फेविक्विक हा उपाय नाही. तिची वाफ आतून खिडकीवर पांढरी पुटं चढवते, आणि जोडलेला सेल अर्धवट प्रवाह देत चुकीची रीडिंग दाखवत राहतो.

सेल चांगला, कॉइल चांगली, तरी मीटर मुकं? मग मधली तार किंवा सांधा. हे सोल्डरिंग मात्र घरी होतं: सोल्डरिंग आयर्न बारीक टोकाचं, वेळ दोन सेकंद, आणि कॉइलवर कागद झाकलेला, कारण फ्लक्सचे (सोल्डरमधल्या रसायनाचे) शिंतोडे उडतात.

७. बॅटरीवाली आणि डिजिटल

ल्युनासिक्स ३ सारख्या मीटरमध्ये कॅडमियम सल्फाइडचा सेल असतो आणि ती १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटऱ्यांवर बेतलेली आहेत. त्या आता मिळत नाहीत. पडल्यावर जुनी बॅटरी हरवली, त्याच आकाराची १.५ व्होल्टची अल्कलाइन घातली आणि 'पडल्यापासून चुकतंय' असं म्हटलं, हे वारंवार घडतं. दोष पडण्याचा नसतो, व्होल्टचा असतो. कानाच्या यंत्रात वापरतात ती ६७५ नंबरची झिंक-एअर बॅटरी १.४ व्होल्टच्या आसपास असते, ती खूप जवळ जाते. तिचं स्टिकर काढल्यावर दोन मिनिटं हवा लागू द्या, मगच आत घाला. आणखी एक: या सेलला आठवण असते. उन्हात धरलेलं मीटर लगेच अंधाऱ्या खोलीत नेलं तर काही मिनिटं ते जास्त उजेड दाखवतं. आधी झाकून ठेवा, मग मोजा.

डिजिटल मीटर पडल्यावर कोरं दिसत असेल तर बॅटरीची स्प्रिंग बघा. पेन्सिल बॅटरी जड असते, आपटताना ती स्प्रिंग चपटी करते. त्यापुढे दोनच गोष्टी घरी कराव्यात. आकड्यांचे काही तुकडे गायब असतील तर पडद्याखालची काळ्या रबराची पट्टी सरकलेली असते. ती आणि बोर्डावरचे सोनेरी पट्टे अल्कोहोलने पुसून पट्टी सरळ बसवा, स्क्रू आलटून पालटून सारखे आवळा. आतली चपटी केबल सॉकेटमधून निघाली असेल तर सॉकेटचं कुलूप उघडून परत बसवा. केबल फाटली असेल तर मायक्रोस्कोप ठेवणाऱ्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे जा. त्याला लाइट मीटर म्हणजे काय ते माहीत नसलं तरी चालतं, केबल त्याला माहीत असते.

आणि हो, उघडण्याआधी मोड बघा. आपटताना बटण दाबलं जाऊन मीटर फ्लॅशवर किंवा २५ फ्रेमच्या सिनेमा मोडवर गेलेलं असतं, आणि सेटवर 'मीटर वेडं झालं' अशी बोंब होते. २५ फ्रेमला १८० अंशाचं शटर म्हणजे १/५०. तुम्ही १/१२५ समजून वाचत असाल तर सव्वा स्टॉपचा फरक येणारच.

तडकलेला डोम चिकटवू नका, बदला. ओरखडा चालतो. तडा मात्र डिंकाने भरला की तिथून उजेड वेगळाच येतो.

८. बंद करणं

आत एकदा भिंगाने फिरून बघा: कापसाचा धागा, टेपचा तुकडा, टोकं जोडणारी ती तार. काचेला आतून फुगा मारा, कपडा नको. स्क्रू टेपवरच्या उलट्या क्रमाने. प्रत्येक स्क्रू आधी उलटा फिरवा, 'टक' लागलं की जुन्या आट्यात बसला, मग आवळा. प्लॅस्टिकमध्ये नवे आटे पाडलेला स्क्रू पुढच्या पडण्यात सुटतो.

शून्य जुळवायचं ते आता. सेल काळ्या कापडात, मीटर ज्या स्थितीत हातात धरता त्याच स्थितीत, काटा मोकळा.

९. परीक्षा

एका उजेडात बरोबर आलं म्हणजे मीटर बरोबर आहे असं नाही. स्प्रिंग बिघडलेलं मीटर मध्यावर अचूक आणि दोन्ही टोकांना चुकीचं असू शकतं. म्हणून आधी पायऱ्या तपासा, मग मूळ आकडा.

पायऱ्यांसाठी दुसरं मीटर लागत नाही, मोजपट्टी लागते. लहान दिव्यापासून अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई होतो, म्हणजे दोन स्टॉप. त्यामुळे १ मीटर, १.४, २, २.८ आणि ४ मीटर या अंतरांवर दर पायरीला बरोबर एक स्टॉप कमी व्हायला हवा. आकडे पाठ करायला नकोत, लेन्सच्या छिद्राचे (एफ) आकडे म्हणून लेन्सवर छापलेलेच आहेत.

दिवा म्हणून ९ वॉटचा घरगुती बल्ब पुरत नाही. एल-३९८ ची मर्यादा ईव्ही ४ पासून (ईव्ही म्हणजे उजेडाच्या पातळीचा आकडा, एक ईव्ही म्हणजे एक स्टॉप) सुरू होते आणि तो बल्ब दोन पावलांतच तिच्याखाली जातो. मंडपवाले लावतात तो ५० वॉटचा एलईडी फ्लड घ्या. पहिलं अंतर दिव्याच्या रुंदीच्या पाचपट तरी हवं. डिमर नको. आणि मुख्य म्हणजे हे खोलीत करू नका. दहा बाय बाराच्या पांढऱ्या भिंती उजेड परत फेकतात, लांबच्या पायऱ्या खोट्या जास्त येतात आणि तुम्ही चांगल्या मीटरला नावं ठेवता. रात्री सोसायटीची गच्ची बरी. चावी मागताना कारण सांगू नका, समजावण्यात तास जातो. दिवा एका उंचीवर बांधा, डोम थेट दिव्याकडे, स्वतः मागे गडद कपड्यात. प्रत्येक अंतरावर तीनदा वाचा.

तपासणी: कुठल्याही पायरीत एक स्टॉपऐवजी दोन तृतीयांशपेक्षा कमी किंवा दीडपेक्षा जास्त फरक येत असेल तर काटा अजून कुठेतरी घासतोय किंवा स्प्रिंग अडते आहे. टप्पा ५ वर परत.

मूळ आकडा दिवसा बघा, एलईडीखाली नाही; वेगवेगळ्या सेलना एलईडीचे रंग वेगवेगळे दिसतात. स्वच्छ आकाश, दुपारचे बारा, आयएसओ १००, शटर १/१२५, डोम थेट सूर्याकडे: उत्तर एफ १६ च्या आसपास, म्हणजे ईव्ही १५. पाऊस सरल्यानंतरचे ऑक्टोबरचे धुतलेले दिवस याला उत्तम. जानेवारीत मुंबईवर धुरकट थर असतो, तेव्हा अर्धा-पाऊण स्टॉप कमी येणं हा मीटरचा दोष नाही. एल-३९८ असेल तर इथे उजेड कमी करणारी पट्टी घालून वाचा. मग ज्या सावलीत पट्टीसह आणि पट्टीशिवाय दोन्ही रीडिंग घेता येतात तिथे ती जुळतात का बघा. पडताना पट्टी वाकली असेल तर ते फक्त इथेच कळतं.

जोडीला कॅमेरा घ्या: १८ टक्के ग्रे कार्ड (मोजणीसाठीचं राखाडी कार्ड) सावलीत, कॅमेऱ्याचं स्पॉट मीटरिंग (छोट्या भागापुरती मोजणी), आणि त्याच जागी मीटरचं रीडिंग. तिसरा हिस्सा स्टॉपपर्यंतचा फरक सोडून द्या. मोबाइलच्या लक्स ॲपवर विसंबून काहीही ठरवू नका.

१०. उरलेला फरक

पायऱ्या बरोबर आहेत पण सगळीकडे सारखाच फरक आहे, तर आतल्या रेझिस्टरशी खेळू नका. आयएसओ बदला. खरं एक्स्पोजर एफ ८ असताना मीटर एफ ५.६ सांगत असेल तर ते एक स्टॉप कमी उजेड बघतंय. १०० च्या फिल्मला चकती २०० वर ठेवा. उलट असेल तर ५० वर. ही दुरुस्ती मागच्या बाजूला टेपवर लिहून चिकटवा, तारखेसह, म्हणजे मीटर उसनं नेणाऱ्यालाही कळेल.

आठवड्याने गच्चीवरच्या पाचपैकी तीन अंतरं पुन्हा मोजा. सेल झिजलेला असेल किंवा संपर्क नीट बसला नसेल तर फरक याच दिवसांत सरकतो. सरकला तर टेपवरचा आकडा खोडून नवा लिहिण्यात अर्थ नाही. पत्री पुन्हा पुसा, आणि तरीही सरकत राहिला तर सेल बदलायला दुसरं मेलेलं मीटर शोधायला लागा.